मधल्या नोंदींचे ओझे

मुलुंडमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत आम्ही एका दुपारी बसलो होतो. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या संस्थेच्या डझनभर शाळा आहेत. त्या सगळ्यांच्या विद्यार्थ्यांची माहिती कचेरीतल्या एका जुन्या संगणकावर, डेटाबेसमध्ये ठेवलेली आहे. तक्रार अशी होती, की निर्गम उताऱ्यासाठी एखाद्या मुलाचे नाव शोधायला घेतले, तर पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. लिपिकबाई म्हणाल्या, "आधी नाव टाइप करून मान वर करेपर्यंत यादी यायची. आता चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत वाट बघावी लागते."

कारण काय, याबद्दल कचेरीत एकमत होते. कारण म्हणजे शिक्षकांनी लिहिलेल्या लांबलचक नोंदी.

या नोंदी कोणत्या, ते शिक्षक वाचकांना सांगायला नकोच. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि पहिली ते आठवीच्या मुलांबद्दल गुणांच्या किंवा श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी लिहायची पद्धत सुरू झाली. ज्यांना त्या मनापासून लिहायच्या असतात, ते शिक्षक वर्षभर लिहितात. 'हातच्याच्या वजाबाकीत अडते, पण आईच्या भाजीच्या गाडीवर सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करते' अशी एक नोंद पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाला जे सांगते, ते 'ब-१' ही श्रेणी सांगू शकत नाही. या संस्थेत सर्व विषयांच्या मिळून एका मुलाच्या वर्षभराच्या नोंदी साडेचारशे शब्दांपर्यंत जात.

दोन वर्षांपूर्वी बॅकअप पेनड्राइव्हमध्ये मावेना, तेव्हा संस्थेने नियम केला: एका मुलाची नोंद ९० शब्दांच्या आत. नियम पाळला गेला. नोंदी 'प्रगती समाधानकारक, अक्षर सुधारावे' या वळणावर गेल्या. आणि शोध जलद होण्याऐवजी मंदावला. आम्हाला बोलावले तेव्हा पुढचा प्रस्ताव तयार होता: मागच्या तेरा वर्षांच्या जुन्या नोंदीही कापून ९० शब्दांवर आणाव्यात.

आम्ही आकडेमोड केली. ती वाचकांपुढे मांडावीशी वाटते, कारण उत्तर आम्हालाही पहिल्यांदा उलटे वाटले होते. नोंदी लांब होत्या म्हणून शोध मंदावला नव्हता. त्या मध्यम झाल्या म्हणून मंदावला होता.

आठ हजारांचे पान

संगणकात तक्ता ठेवलेला असतो म्हणजे काय? पडद्यावर दिसतो तो रकान्यांचा आणि ओळींचा तक्ता. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधारित डेटाबेसच्या कल्पनेत तर तो कुठे आणि कसा साठवला आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच नाही. पण हार्ड डिस्कवर तो कुठेतरी ठेवावाच लागतो. ठेवताना तो पानापानांत विभागतात. या संस्थेचा डेटाबेस पोस्टग्रेस या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर चालतो. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची ही आजची पिढी. तिचे एक पान सर्वसाधारणपणे ८१९२ बाइटचे असते. शाळेच्या भाषेत सांगायचे तर जनरल रजिस्टरचे एक पान. फरक एवढाच, की रजिस्टरच्या पानावर ओळी ठरावीक असतात, इथे ओळ जेवढी जाड तेवढ्या कमी ओळी पानावर मावतात.

पानाच्या सुरुवातीला २४ बाइटचे शीर्षक असते. त्यानंतर एकेका ओळीचा पत्ता, प्रत्येकी ४ बाइटचा. हे पत्ते वरून खाली भरत येतात आणि प्रत्यक्ष ओळी पानाच्या तळापासून वर चढत जातात. दोघे मध्ये भेटले, की पान भरले. ही रचना ज्यांना सविस्तर वाचायची असेल त्यांना आपल्या उपनगरातलेच एक नाव सांगता येईल. सिल्बरशात्झ आणि कॉर्थ यांचे डेटाबेसवरचे पाठ्यपुस्तक १९८६ पासून जगभर शिकवले जाते. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक एस. सुदर्शन त्याचे तिसरे लेखक आहेत. सातवी आवृत्ती २०१९ ची. जगातल्या अनेक विद्यार्थ्यांना पानावर ओळी कशा बसतात ते या पुस्तकातून कळते, आणि त्याच्या लेखकांपैकी एकजण कांजूरमार्ग स्टेशनपासून थोड्याच अंतरावर शिकवत आला आहे, ही गोष्ट आमच्या कितीतरी शाळांत माहीत नसते.

पोस्टग्रेसमध्ये एक कडक नियम आहे. एक ओळ दोन पानांत तोडून ठेवता येत नाही. या नियमामुळे पूर्वी मोठीच पंचाईत होत असे. पानापेक्षा मोठी ओळ तक्त्यात घालताच येत नसे. २००१ च्या ७.१ या आवृत्तीत यान वीक यांनी त्यावर जो उपाय आणला, त्याचे नाव टोस्ट. मुंबईकराला चहात बुडवायचा टोस्ट आठवेल. मूळ नाव म्हणजे 'फार मोठ्या मूल्यांची साठवण करण्याचे तंत्र' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि पावाची लादी कापून चकत्या कराव्यात तसे हे तंत्र मोठ्या मूल्याचे तुकडे करते, हेही खरे.

काम असे चालते. ओळ लिहिताना तिची लांबी सुमारे २ केबीच्या आत असेल, तर ती जशी आहे तशी पानावर ठेवायची. २ केबी का? एका पानावर निदान चार ओळी बसाव्यात म्हणून. ओळ त्याहून मोठी असेल, तर तिच्यातला सर्वांत मोठा रकाना घ्यायचा आणि तो दाबून लहान करता येतो का ते पाहायचे. दाबूनही ओळ २ केबीत बसली नाही, तर तो रकाना बाहेर काढायचा. त्याचे साधारण दोन-दोन हजार बाइटचे तुकडे करून ते एका जोडतक्त्यात ठेवायचे आणि मूळ ओळीत फक्त १८ बाइटची चिठ्ठी सोडायची: 'मजकूर अमुक ठिकाणी आहे.' जुन्या दफ्तरात 'सोबतची फाइल पाहा' असे लिहीत, त्यातलाच प्रकार.

नाव शोधणाऱ्याला त्या सोबतच्या फाइलशी काही देणेघेणे नसते. तो फक्त रजिस्टर चाळतो. फाइली कितीही जाड असोत, रजिस्टर सडपातळ राहते.

घाटकोपर किती बाइटचे?

आता आपली लिपी मध्ये येते. रोमन लिपीत घाटकोपर लिहायला नऊ अक्षरे लागतात आणि तितकेच नऊ बाइट. देवनागरीत डोळ्याला पाच अक्षरे दिसतात, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी चिन्हे वेगळी मोजतो. घ, काना, ट, क, ओकार, प, र अशी सात चिन्हे झाली. प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१ बाइट. मुलुंड डोळ्याला तीन अक्षरी, चिन्हे सहा, बाइट १८.

प्रत्येक चिन्हाला तीन का? युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. तो क्रमांक बाइटमध्ये मांडण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, ती यूटीएफ-८. केन थॉम्पसन यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर तिची जुळणी केली. या पद्धतीत १२७ पर्यंतच्या क्रमांकांना एक बाइट, २०४७ पर्यंत दोन आणि त्यापुढे तीन. ग्रीक, रशियन, अरबी या लिप्या २०४७ च्या आत बसल्या. देवनागरी सुरू होते २३०४ पासून. म्हणजे थोडक्यात हुकली. त्याआधीच्या इस्की या भारतीय प्रमाणात (१९९१) एका चिन्हाला एकच बाइट लागे, पण ती संहिता आता मागे पडली आहे.

मराठी शब्दात सरासरी सहा चिन्हे धरू. सहा त्रिक अठरा, आणि शब्दामागच्या मोकळ्या जागेचा एक, असे १९ बाइट. यावरून नोंदींचे वजन काढता येते. साडेचारशे शब्दांची जुनी नोंद ८५५० बाइट. नव्वद शब्दांची नवी नोंद १७१० बाइट. इंग्रजीत लिहिलेली नव्वद शब्दांची नोंद साधारण सहाशे बाइटच्या आसपास राहिली असती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आकडेमोड

गोल आकडे घेऊ. दरवर्षी २०,००० मुले, २०१०-११ ते २०२४-२५ अशी १५ वर्षे, एका मुलाची एका वर्षाची एक ओळ. एकूण ३ लाख ओळी. नोंद वगळता ओळीतला बाकीचा मजकूर, म्हणजे नाव, इयत्ता, जन्मतारीख, पालकांचा दूरध्वनी आणि प्रणालीचे स्वतःचे सामान, मिळून १५० बाइट धरू.

जुनी, लांब नोंद घ्या. ८५५० बाइट पानातच बसत नाहीत. दाबून निम्मे झाले असे धरले, तरी चार हजारांच्या वर राहतात. म्हणून नोंद बाहेर जाते आणि मूळ ओळ चिठ्ठीसह १५० बाइटचीच राहते. अशा ५२ ओळी एका पानावर मावतात. तेरा वर्षांच्या २ लाख ६० हजार ओळींना ५,००० पाने पुरली.

आता नवी, आखूड नोंद. १७१० अधिक १५० म्हणजे १८६० बाइट. ही २ केबीच्या आत आहे. त्यामुळे टोस्ट तिच्याकडे पाहतच नाही. दाबतही नाही आणि बाहेरही काढत नाही. नोंद ओळीतच बसून राहते. एका पानावर अशा फक्त चार ओळी मावतात, वर सुमारे ७०० बाइट जागा वाया जाते. दोन वर्षांच्या ४०,००० ओळींनी १०,००० पाने खाल्ली.

म्हणजे तेरा वर्षांच्या लांब नोंदींची ५,००० पाने आणि दोन वर्षांच्या आखूड नोंदींची १०,००० पाने. नावाच्या मधल्या अक्षरांवरून शोध घेतला की संगणक सारी पाने चाळतो (लिपिकबाईंना तसेच शोधावे लागे, कारण एकाच आडनावाचे तीन प्रकारे लेखन झालेले असे). दोन वर्षांत चाळायच्या पानांची संख्या तिप्पट झाली होती.

आणि तो प्रस्ताव? साऱ्या तीन लाख नोंदी नव्वद शब्दांवर आणल्या असत्या तर मूळ तक्ता ७५,००० पानांचा झाला असता. साऱ्या नोंदी लांब ठेवल्या असत्या तर ५,७७० पानांचा. फरक तेरा पटींचा. ५,७७० पाने म्हणजे सुमारे ४५ एमबी. पोस्टग्रेस स्वतःसाठी मूळ मांडणीत १२८ एमबी स्मृती राखून ठेवते, तिच्यात हे आरामात बसते. ७५,००० पाने म्हणजे ५८६ एमबी. ती बसत नाहीत. मग हार्ड डिस्ककडे हेलपाटे सुरू होतात, आणि जुन्या संगणकाची फिरती डिस्क हीच त्याची सर्वांत दुखरी जागा असते.

संस्थेवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे: नोंदी कापल्याने एकूण साठा कमी झाला असता, हे खरेच. बाहेरचे तुकडे धरले तर लांब नोंदींचा एकूण साठा सव्वा जीबीच्या घरात जातो. कापलेल्या नोंदींचा त्याच्या निम्म्याहून कमी. बॅकअपचा प्रश्न सुटला असता. पण बॅकअप रात्री एकदा होतो, नावाचा शोध दिवसात शंभरदा.

लोकलचा प्रवास करणाऱ्याला हे एका दृश्यावरून पटेल. मोठी टोपली घेतलेली कोळीण लगेजच्या डब्यात चढते. तिच्या टोपलीने आपल्या डब्यात गर्दी होत नाही. हातात नुसती छत्री असलेल्यानेही होत नाही. गर्दी होते ती पाठीवर मध्यम आकाराची बॅग लावून प्रवासी डब्यात चढणाऱ्या आपल्यासारख्यांमुळे. बॅग लगेजमध्ये टाकण्याइतकी मोठी नाही आणि मांडीवर मावण्याइतकी लहान नाही. इंग्रजी नोंद सहाशे बाइटची, म्हणजे मांडीवर मावणारी. मराठीतली तीच नोंद तिप्पट होऊन नेमकी मधल्या आकारात येते. अर्धे ते पाऊण पान मराठी मजकूर, अर्ज, शेरे, पत्ते, तक्रारी असे काही साठवणाऱ्या आपल्या कोणत्याही कचेरीला हे लागू पडते.

दूरध्वनी क्रमांक बदलला तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. पोस्टग्रेस जुन्या ओळीवर खाडाखोड करत नाही. ती पूर्ण ओळीची नवी प्रत लिहिते, आणि जुनी नंतर झाडलोटीत जाते. नोंद बाहेर असेल आणि तिला हात लागला नसेल, तर नव्या प्रतीत फक्त चिठ्ठी उतरते, १५० बाइट. नोंद आत असेल तर दहा आकडी क्रमांकासाठी १८६० बाइट पुन्हा लिहायचे. वर, चारच ओळींनी भरलेल्या पानावर पाचव्या प्रतीला जागा नसते, म्हणून ती दुसऱ्या पानावर जाते. जूनमध्ये पालकांचे क्रमांक अद्ययावत करताना संगणक का धापा टाकतो, याचे कारण कचेरीला त्या दिवशी कळले.

कोणत्या किल्ल्या फिरवायच्या

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक रकान्याला साठवणीची रीत ठरवून देता येते. रीती चार आहेत. 'प्लेन' म्हणजे दाबायचेही नाही आणि बाहेरही काढायचे नाही; आकड्यांसारख्या लहान मूल्यांसाठी. 'एक्सटेंडेड' म्हणजे आधी दाबायचे, मग गरज पडली तर बाहेर काढायचे. मजकुराच्या रकान्याची ही नेहमीची रीत. 'एक्सटर्नल' म्हणजे बाहेर काढायचे, पण दाबायचे नाही. 'मेन' म्हणजे दाबायचे, पण अगदी नाइलाज होईपर्यंत बाहेर काढायचे नाही.

'एक्सटर्नल' कुठे वापरावी? मुलांची छायाचित्रे साठवायची असतील तर. ती जेपेग रूपात आधीच दाबलेली असतात. त्यांना पुन्हा दाबायला जाणे म्हणजे पिळलेले कपडे पुन्हा पिळणे. पोस्टग्रेसची जुनी दाबण्याची पद्धत तर निदान चौथा हिस्सा वाचत नसेल, तर तो नाद सोडूनच देते. दुसरा उपयोग: मोठ्या मजकुराचा फक्त सुरुवातीचा भाग हवा असेल, तर न दाबलेल्या मजकुराचे पहिले तुकडे तेवढे उचलता येतात. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून दाबण्यासाठी एलझेड-४ ही जलद पद्धतही निवडता येते. ती सोय ज्यांनी करून दिली त्यांचे नाव दिलीप कुमार. वांद्र्याचे अभिनेते नव्हेत, पोस्टग्रेसवर काम करणारे संगणक अभियंता.

पण या चारही रीतींचा आमच्या अडचणीवर उपयोग नाही. ओळ २ केबी ओलांडेल तेव्हाच टोस्ट जागा होतो. आमची ओळ १८६० ची. कोणतीही रीत लावा, ती झोपलेल्यालाच लावल्यासारखी.

आणखी एक किल्ली आहे. तिचे नाव 'टोस्ट टपल टार्गेट'. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून ती प्रत्येक तक्त्याला वेगळी लावता येते, १२८ बाइटपासून जवळजवळ पूर्ण पानापर्यंत. नाव वाचून वाटते, हिला २५६ वर आणले की सगळ्या मध्यम नोंदी बाहेर जातील. आम्हालाही वाटले. आम्ही किल्ली फिरवली, नव्या ओळी लिहून पाहिल्या, आणि नोंदी होत्या तिथेच. कारण ही किल्ली फक्त 'काम सुरू झाल्यावर ओळ किती लहान करायची' हे ठरवते. काम सुरू कधी करायचे, ती २ केबीची मर्यादा प्रणालीच्या बांधणीतच पक्की आहे. म्हणून तीन हजार बाइटची नोंद, जी दाबून दीड हजारांची होते आणि ओळीत राहते, तिला ही किल्ली बाहेर ढकलू शकते. मुळात १८६० बाइटच्या ओळीला ती हात लावत नाही. उलट बाजूने मात्र ती पूर्ण चालते: ८१६० वर नेली तर पानात मावणारी मोठी मूल्येही आतच राहतात. ज्या तक्त्यात दर वेळी पूर्ण ओळच लागते आणि यादी चाळायची नसते, तिथे ते सोयीचे.

कोणतीही किल्ली फिरवली तरी आधी लिहिलेल्या ओळी जागच्या हलत नाहीत. नवा नियम नव्या लेखनाला. जुन्यांना लावायचा तर त्या पुन्हा लिहून घ्याव्या लागतात. किल्ली फिरवून लगेच मोजणारे इथे हमखास फसतात.

इतर प्रणालींचे उंबरठे वेगळे आहेत. मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे पान १६ केबीचे. तिच्या जुन्या रचनेत बाहेर काढलेल्या मजकुराचे पहिले ७६८ बाइट ओळीतच ठेवत, नव्या रचनेत २० बाइटची चिठ्ठी ठेवतात. आकडे बदलतात, पण 'आत की बाहेर' हा प्रश्न तिथेही आहे.

मोजून पाहा

ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत पोस्टग्रेस बसवता येईल, तिथे नववी-दहावीची मुले हे स्वतः मोजू शकतील. 'लेंग्थ' हे फलन चिन्हे मोजते, 'ऑक्टेट लेंग्थ' मूळ बाइट मोजते, आणि 'पीजी कॉलम साइझ' प्रत्यक्ष साठवलेले, म्हणजे दाबलेले असल्यास दाबलेले बाइट सांगते. मुलुंडला पहिले ६ सांगेल, दुसरे १८. एकच परिच्छेद दहा, शंभर, दोनशे वेळा जोडून तिन्ही आकडे कागदावर लिहा. २ केबीच्या आसपास तिसरा आकडा एकदम खाली येतो. परत परत तोच मजकूर असल्याने तो खूपच खाली येईल. खऱ्या नोंदींवर तसे होत नाही, हेही मुलांना दिसू द्या.

संगणक नसेल तर वही पुरते. ३२ ओळींचे पान घ्या आणि एक ओळ २५६ बाइटची माना; पूर्ण पान बरोबर ८१९२ चे होते. मुले आपापल्या नावाचे बाइट मोजतील. नुसत्या नावापत्त्याची नोंद अर्ध्या-पाऊण ओळीत बसते. नव्वद शब्दांची नोंद जोडली की सव्वासात ओळी जातात. चौथ्या मुलानंतर तीन ओळी उरतात, आणि पाचव्याला पान उलटावे लागते. आम्ही हे एका वर्गात केले. एका मुलीने विचारले, "मग नोंदीसाठी वेगळी वही का नाही करत?"

शेवटी आम्ही कचेरीत तेच केले. नोंदींचा रकाना मुलांच्या तक्त्यातून काढला, वेगळा तक्ता केला, आणि दोन्हींत मुलाचा क्रमांक व वर्ष ठेवले. नाव शोधणारा पहिला तक्ता चाळतो. नोंद हवी असेल तर त्या एका मुलाची ओळ दुसऱ्या तक्त्यातून सूचीच्या आधाराने निघते. दुसऱ्या तक्त्यात पानावर चारच ओळी मावतात, पण तो कुणी चाळत नाही. संबंधाधारित डेटाबेसमध्ये ही फार जुनी रीत आहे. आम्ही तिच्याकडे इतक्या उशिरा का आलो, याचे उत्तर एवढेच, की किल्ली फिरवायला पाच मिनिटे लागतात आणि तक्ता दुभागायला कार्यक्रमातले तीन-चार पडदे बदलावे लागतात. रकाना नुसता काढून टाकल्याने जागा सुटत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. तक्ता नव्याने लिहून घ्यावा लागतो. ते एका रविवारी केले.

कार्यक्रमात आणखी एक दोष सापडला. यादी दाखवणाऱ्या एका पडद्यामागे 'सगळे रकाने आणा' असा हुकूम होता. दाखवायची नुसती नावे, पण बाहेरची प्रत्येक नोंद तुकडे जुळवून, दाबलेली असेल तर उलगडून आणली जाई आणि टाकून दिली जाई. तिथे हव्या त्या रकान्यांची नावे लिहिली.

मूळ तक्रार बॅकअपची होती. त्यासाठी संस्थेने बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क विकत घेतली. जुन्या नोंदी कापण्याचा प्रस्ताव कार्यवाहांनी मागे घेतला आणि नव्वद शब्दांची मर्यादाही उठवली. तेरा वर्षांच्या नोंदी पूर्ण आहेत. मधल्या दोन वर्षांच्या नव्वद शब्दांच्याच राहिल्या. त्या मुळातच तेवढ्या लिहिल्या गेल्या होत्या.